आवाज नेमका कुठून येतो?

प्रश्न : आमच्या बर्फाच्या कारखान्यात कॉम्प्रेसरजवळ राबून काकांना आता कमी ऐकू येतं. आवाज कुठून निघतो ते रंगांत दाखवणाऱ्या कॅमेऱ्याचा व्हिडिओ मी पाहिला. ते काम शिकायचं तर बारावीनंतर काय घेऊ? घरचे म्हणतात, कॉम्प्युटरच घे.
– विद्यार्थिनी, हर्णै

उत्तर : काकांच्या त्रासातून तू इथवर विचार केलास, याचं मला फार कौतुक वाटतं.

त्या ‘कॅमेऱ्या’त खरं काम मायक्रोफोन करतात. चौकटीवर बसवलेल्या पुष्कळ मायक्रोफोनपर्यंत आवाज किंचित मागेपुढे पोहोचतो, आणि त्या फरकावरून दिशा काढतात. अवघड आहे ते अंतर. सपाट चौकटीला डावं-उजवं छान कळतं, पण आवाज तीन मीटरवरचा की चार, हे धूसरच राहतं. म्हणून त्रिमितीत शोधायचं तर यंत्राच्या दोन-तीन बाजूंनी मायक्रोफोन लावतात. त्यात तुमच्या कारखान्याचे पत्रे! आवाज त्यांवर आपटून परततो आणि चित्रात पत्राच गोंगाट करताना दिसतो. ५० हर्ट्झच्या घरघरीची तरंगलांबी तर जवळपास ७ मीटर, तिचा डाग अख्ख्या यंत्रावर पसरतो. तो डाग वाचायला भौतिकशास्त्र मुरलेला माणूस लागतो.

म्हणून माझं मत ईअँडटीसी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन इंजिनीअरिंग. यंत्रांची ओढ असेल तर मेकॅनिकल. दोन्ही शाखा रायगडमधल्या लोणेऱ्याच्या तंत्रशास्त्र विद्यापीठात आहेत. कॉम्प्युटर घेतलंस तरी वाट बंद होत नाही, फक्त ध्वनिशास्त्र स्वतःहून शिकावं लागेल. कुठेही जा, सिग्नल प्रोसेसिंग, म्हणजे नोंदलेल्या आवाजातून गणिताने माहिती काढण्याचा विषय, सोडू नकोस. पुढे गेट ही प्रवेशपरीक्षा देऊन एम.टेक. कर. पुण्यात एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेकडे वाहनांच्या आवाजाची आणि कंपनांची प्रयोगशाळा आहे. कोचीच्या एनपीओएल या डीआरडीओच्या (संरक्षण संशोधन संस्थेच्या) प्रयोगशाळेत नौदलासाठी सोनारवर, म्हणजे पाण्याखालच्या वस्तू आवाजावरून शोधणाऱ्या यंत्रणेवर, काम चालतं. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १५०० मीटर धावतो, पण हिशेबाची रीत तीच.

परीक्षा झाली की एक करून बघ. फळीवर मीटरभर अंतरावर दोन साधे मायक्रोफोन बांध आणि दोन्ही एकाच स्टिरिओ रेकॉर्डिंगला जोड. दोन मोबाइल नकोत, त्यांची घड्याळं जुळत नाहीत. रेकॉर्डिंगच्या सेटिंगमध्ये सेकंदाला ४८,००० नमुने (आवाजाच्या नोंदी) ठेव. फळीच्या टोकापलीकडे, तिच्याच रेषेत टाळी वाजवलीस तर दोन्हींत सुमारे १४० नमुन्यांचा फरक मिळेल, कारण हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. बरोबर मध्यासमोर वाजव, फरक शून्यावर येईल.

काकांना मात्र तुझ्या डिग्रीपर्यंत थांबवू नकोस. याच आठवड्यात कानाच्या डॉक्टरांकडे नेऊन ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) करून घ्या, आणि कॉम्प्रेसरपाशी जाताना इअरमफ (आवाज अडवणारी कानझाकणी) घालायला लाव.