आधी मुलांची उंची मोजा, मग पार्क ठरवा

वाचकांचे प्रश्न : कुटुंबाची सहल

सुटीच्या तोंडावर सातारा-सांगली भागातून आलेल्या पत्रांत बहुतेकांनी एकच विचारलंय : कुठलं पार्क चांगलं? याचं एकच उत्तर सगळ्या घरांना लागू पडत नाही. घरातल्या सगळ्यात लहान मुलाची उंची, सगळ्यात मोठ्या माणसाचे गुडघे आणि प्रवास वजा जाता हातात उरणारे तास, या तीन गोष्टींवर पार्क ठरतं. जाहिरातीतला सगळ्यात उंच रोलर कोस्टर तुमच्या घरातली दोन माणसं वापरणार असतील, तर बाकीच्यांसाठी ते पार्क चांगलं नव्हे.

प्रश्न : आम्ही घरात सात जण. आई-बाबा सत्तरीच्या आसपास, मुलं बारा, सात आणि तीन वर्षांची. सांगलीहून पहाटे निघून खोपोलीचं इमॅजिका बघून रात्री परत यायचं म्हणतोय. जमेल का?
— एक वाचक, सांगली

एका दिवसात नको. सांगलीहून पेठ नाका, कराड, सातारा, पुणे करत खोपोली सुमारे ३०० किलोमीटर पडतं. चहा-नाश्ता, टोलनाके, खंबाटकी आणि पुण्याची वाहतूक धरली तर सहा-साडेसहा तास. पहाटे चारला निघालात तरी गेटवर साडेदहा वाजतात, आणि संध्याकाळी सातला बाहेर पडलात तर घरी पोचायला रात्रीचा दीड. गाडी चालवणारा एकच असेल तर तो एकवीस तासांहून जास्त जागा राहतो आणि त्यातले जवळजवळ तेरा तास स्टिअरिंगवर असतो. साताऱ्याच्या पुढे, रात्री अकरानंतर, गाडीत सगळे झोपलेले असताना त्याचाही डोळा लागायची भीती असते. आदल्या संध्याकाळी पुण्यात किंवा लोणावळ्यात मुक्काम करा. सातारकरांना हेच अंतर १९० किलोमीटरच्या आसपास आहे, त्यांनी दोन चालक असतील तर एका दिवसाचा विचार करायला हरकत नाही.

इमॅजिकाचं थीम पार्क २०१३ मध्ये सुरू झालं, वॉटर पार्क त्याच्या पुढच्या वर्षी. दोन्ही शेजारी आहेत, पण दोन्ही एकाच दिवशी उरकायच्या फंदात पडू नका. भिजलेली, दमलेली मुलं दुपारनंतर कशातच रमत नाहीत, आणि कपडे बदलण्यात व लॉकर गाठण्यात तास-दीड तास जातो.

आता उंची. तिकीट काढण्यापूर्वी तिन्ही मुलांना चप्पल काढून भिंतीला टाच टेकवून उभं करा, डोक्यावर जाड पुस्तक आडवं धरा, खूण करून टेपनं सेंटिमीटरमध्ये मोजा. पार्कांत उंचीच्या अटी साधारण ९०, १०५, १२० आणि १४० सेंटिमीटरच्या आसपास असतात. प्रत्येक राइडची नेमकी अट पार्कच्या संकेतस्थळावर पाहून कागदावर तीन रकाने करा : एकेका मुलासमोर त्याला चालणाऱ्या राइड. तुमच्या सात वर्षांच्या मुलाच्या रकान्यात चारच नावं आली, तर हे पार्क दोन वर्षांनी करणं शहाणपणाचं. तिकिटाचे पैसे तेवढेच जाणार आणि ते मूल दिवसभर दादाची वाट बघत कठड्याला टेकून राहणार.

गेटवर उंचीवरून हुज्जत घालणारे पालक दिसतात. 'दोनच सेंटिमीटर कमी आहे, मी धरतो की त्याला,' असं म्हणतात. हे कृपा करून करू नका. अट वयाची नसून सुरक्षा-दांड्याची आहे. दांडा मांड्यांवर येऊन अडकतो आणि कंबर सीटला धरून ठेवतो. दोघांना मिळून एकच दांडा असेल तर तो मोठ्या माणसाच्या जाड मांडीवर आधी थांबतो, शेजारच्या लहान मुलाच्या मांडीवर बोटं जातील एवढी फट राहते. राइड वरून खाली झेपावते तेव्हा शरीर सीटवरून उचललं जातं आणि मूल त्या फटीतून वर सरकतं. त्या क्षणी हातानं धरून ठेवण्याइतकी ताकद कोणाच्याही हातात नसते. खांद्यावरून येणाऱ्या हार्नेसला वरचीही मर्यादा असते : छाती रुंद असेल आणि कुलूप लागल्याचा आवाज आला नाही, तर कर्मचारी उतरवतो. प्रवेशाजवळ नमुन्याची सीट ठेवलेली असेल तर रांगेत तासभर उभं राहण्याआधी तिच्यात बसून पाहा.

आई-बाबांसाठी तीन गोष्टी फोन करून विचारा : ज्येष्ठांना तिकिटात सवलत आहे का, व्हीलचेअर मिळते का आणि तिची अनामत किती, आणि बसून बघण्यासारखे वातानुकूलित खेळ किती. थीम पार्कात दिवसाला सहज सात-आठ किलोमीटर चालणं होतं. गुडघेदुखी असेल तर व्हीलचेअर सकाळीच घ्या. मागायला संकोच वाटतो म्हणून दुपारपर्यंत थांबलं की तोवर त्या संपलेल्या असतात. तीन वर्षांच्या बाळासाठी स्वतंत्र तिकीट लागेल का हे अनेक ठिकाणी वयावर नाही तर उंचीवर ठरतं, तेही आधी पाहा.

प्रश्न : मे महिन्यात तीन कुटुंबं मिळून वॉटर पार्कला जाणार आहोत. पाणी स्वच्छ आहे हे कसं ओळखायचं? आणि सुती कपडे का चालत नाहीत? भाड्याचे कपडे घ्यायला लावून पैसे काढतात असं वाटतं.
— एक वाचक, सातारा

कपड्यांचं आधी. सुती कापड पाणी पिऊन जड होतं, घसरगुंडीवर अंगाला चिकटून अडतं, आणि मधेच थांबलेल्या माणसावर मागचा येऊन आदळतो. सुताचे तंतू सुटून गाळणीत जाऊन बसतात. जीन्सची बटणं, चेन आणि रिव्हेट फायबरच्या पृष्ठभागावर ओरखडे काढतात आणि मग त्या ओरखड्यांवर पुढच्यांची कातडी सोलते. नियम योग्यच आहे, पण त्यासाठी भाड्यानंच घ्यायला हवं असं नाही. नायलॉन किंवा पॉलिस्टरची टी-शर्ट आणि गुडघ्यापर्यंतची चड्डी घरून न्या. बायकांसाठी पूर्ण बाह्यांचे, पायघोळ पोहण्याचे पोशाख साताऱ्याच्या बाजारातही मिळतात. काही वेळच्या भाड्यात ते वसूल होतात.

पाण्याबद्दल. काठावर उभं राहून तळाकडे बघा. सगळ्यात खोल जागेची जाळी किंवा फरशीच्या रेघा स्पष्ट दिसल्या पाहिजेत. पाणी दुधाळ असेल तर उतरू नका : एक तर गाळणी नीट चालत नाही, आणि दुसरं, तळाला गेलेलं मूल जीवरक्षकाला दिसणारच नाही. डोळे चुरचुरवणारा उग्र वास आला की लोक म्हणतात क्लोरीन जास्त झालं. बहुतेक वेळा उलट असतं. क्लोरीन घामाशी आणि लघवीशी मिसळून जे संयुग होतं त्याचा तो वास, म्हणजे जंतू मारायला मोकळं क्लोरीन कमी उरलेलं असतं. मोकळं क्लोरीन लिटरमागे १ ते ३ मिलिग्रॅम आणि पीएच, म्हणजे पाण्याच्या आम्लतेचा आकडा, ७.२ ते ७.८ असावा. चांगल्या ठिकाणी ही नोंद फलकावर वेळेसह लिहितात. फलक नसेल तर विचारा. कर्मचाऱ्याला शेवटची तपासणी किती वाजता झाली हेही सांगता आलं नाही, तर तुम्हाला उत्तर मिळालं असं समजा. आपल्याकडे मे महिन्यात टंचाई असते, त्यामुळे 'पाणी रोज बदलतो' या दाव्यावर जाऊ नका. पाणी बदलण्यापेक्षा ते दिवसभर गाळणीतून फिरत राहणं महत्त्वाचं. तलावाच्या कडेच्या तोंडांतून पाणी जोरात आत येताना दिसतंय का, ते हात लावून पाहता येतं.

आपल्या बाजूनंही काही करायचं असतं. उतरण्यापूर्वी साबण लावून आंघोळ, लहानग्यांना पाण्यात चालणारा डायपर, आणि ज्या मुलाला नुकतेच जुलाब झाले त्याला दोन आठवडे पाण्यापासून दूर ठेवणं. जुलाबाचे काही जंतू क्लोरीनलाही दाद देत नाहीत आणि बरं वाटू लागल्यावरही शरीरातून बाहेर पडत राहतात.

सगळ्यात जास्त जपायची जागा म्हणजे लाटांचा तलाव. उतार इतका हळू असतो की मूल कधी छातीभर पाण्यात गेलं ते कळत नाही, आणि भोंगा वाजून लाटा सुरू झाल्या की तेच पाणी डोक्यावरून जातं. तीन कुटुंबं असली की धोका वाढतो, कारण प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय. मुलांची नावानिशी वाटणी करा : एका मोठ्या माणसाकडे दोन मुलं, हाताच्या अंतरावर, अर्ध्या तासानं पाळी बदलायची आणि बदलताना तोंडानं सांगायचं. दंडावर घालायच्या हवेच्या पट्ट्या आणि टायरवर भरवसा नको, त्या निसटतात. पार्कचं लाइफ जॅकेट घ्या, दोन्ही खांद्यांना धरून वर उचललं तर ते हनुवटीच्या वर जाता कामा नये. घसरगुंडीवर पाय पुढे, घोटे एकमेकांवर, हात छातीवर. पोटावर झोपून डोकं पुढे घालून जायचं ते फक्त चटई दिलेल्या घसरगुंडीवर.

उन्हात तापलेल्या जिन्यांनी तळपाय भाजतात, म्हणून रबरी तळाचे पाण्यातले मोजे न्या. सनस्क्रीन उतरण्यापूर्वी वीस मिनिटं आणि पुढे दर दोन तासांनी. पाण्यात असल्यानं तहान लागत नाही पण घाम येतच असतो, तेव्हा प्रत्येक तासाला मुलांना बाहेर काढून लिंबू-मीठ-साखरेचं पाणी द्या.

प्रश्न : कोणत्या दिवशी गर्दी कमी असते? जास्तीचे पैसे देऊन रांग चुकवणारं तिकीट घ्यावं का?
— एक वाचक, तासगाव

शाळा सुरू झाल्यावर, जूनच्या उत्तरार्धापासून, मंगळवार ते गुरुवार. नोव्हेंबर ते जानेवारीत मात्र मधल्या वारांना शाळांच्या सहलींच्या बस येतात, त्यामुळे तो काळ रिकामा समजू नका. पावसाळ्यात गर्दी कमी आणि दर उतरलेले असतात, पण वारा-वीज असली की उंच राइड बंद ठेवतात, आणि खोपोलीकडे पाऊस भरपूर. बंद राइडचे पैसे परत मिळतात का, ते तिकिटाच्या अटींत वाचा.

रांगेचा हिशेब सोपा आहे. एका फेरीत किती जण बसतात ते मोजा, आणि एक फेरी सुटल्यापासून दुसरी सुटेपर्यंतचा वेळ घड्याळात बघा. २४ जण आणि ४ मिनिटं असतील, तुमच्यापुढे १६० जण असतील, तर सात फेऱ्या, म्हणजे अठ्ठावीस मिनिटं. मोठ्या राइडना हा आकडा तासाच्या वर जात असेल आणि घरात त्या राइडवर बसणारे चौघे तरी असतील, तरच जादा तिकीट परवडतं. नाहीतर गेट उघडायच्या आधी अर्धा तास उभं राहा, सगळ्यात लोकप्रिय राइड पहिल्या तासात करा, आणि लोक जेवायला बसतात त्या एक ते अडीचमध्ये दुसरी. स्वतः साडेबाराच्या आत जेवून घ्या.

प्रश्न : मुलाला घाटात गाडी लागते. राइडवर त्रास होईल?
— एक वाचक, वाई

गोल फिरणाऱ्या राइडवर बहुधा होईल, सरळ धावणाऱ्यांवर कमी. मधल्या ओळीत बसवा, डोळे उघडे ठेवून लांब समोर बघायला सांगा. उपाशीपोटी नको आणि तुडुंब खाऊनही नको : तासभर आधी थोडी पोळी-भाजी किंवा इडली. गाडी लागू नये म्हणून देतात त्या गोळीनं झोप येते, ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. गरोदरपण, हृदयविकार, न आटोक्यातला रक्तदाब, फिट्स, मानेचा-पाठीचा आजार किंवा नुकतीच डोळ्याची शस्त्रक्रिया यांपैकी काही असलेल्यांनी झटक्याच्या राइड टाळाव्यात.

प्रश्न : पार्क परवडत नाही, मुलांना यात्रेतल्या पाळण्यांत बसवतो. पाळणा धड आहे की नाही, हे सामान्य माणसानं कसं बघावं?
— एक वाचक, कराड तालुका

हा प्रश्न विचारलात ते फार चांगलं केलंत. पाल, पुसेगाव, म्हसवड, यात्रा कुठलीही असो, आकाशपाळणा, ब्रेकडान्स, टोराटोरा हे चार दिवसांसाठी उभे केलेले असतात. त्यातले पुष्कळसे दोष उघड्या डोळ्यांना दिसतात.

खालून सुरुवात करा. पाय लाकडी ओंडक्यांवर किंवा जाड लोखंडी पाटांवर हवेत. आपल्याकडची काळी माती पाऊस पडला किंवा शेजारी टँकरचं पाणी सांडलं की लोण्यासारखी होते आणि एक बाजू बोटभर खचली तरी वरचा टोकाचा पाळणा हातभर कलतो. विटा आणि दगडांचे तुकडे सारून पातळी साधलेली दिसली तर तिथून निघा. मग जोड बघा : जाड खिळीला आरपार अडकवलेली क्लिप हवी. तिच्या जागी वाकवलेला खिळा किंवा तार असेल तर ती कंपनानं सुटते. पाळण्याच्या दाराला कडी आणि तिच्यावर वेगळी साखळी, दोन्ही हवीत, आणि ती चालवणाऱ्यानं स्वतः लावायला हवीत.

दोन फेऱ्या नुसतं उभं राहून बघा. जाणता चालक पाळणे समोरासमोर भरतो : एक खालचा भरला की चाक अर्धं फिरवून त्याच्या समोरचा. ओळीनं एकाच बाजूचे भरले की चाक जड बाजूला ओढ घेतं, मोटारीवर ताण येतो आणि ब्रेक धरत नाही. फिरताना एकाच ठिकाणी दर फेरीला कट्ट आवाज येत असेल, दिवे मंद-प्रखर होत असतील किंवा पोरांच्या आरडाओरड्यावर चालक वेग वाढवत असेल, तर बसू नका. संध्याकाळच्या पहिल्या गर्दीपूर्वी रिकामा फेरा मारतात का, आणि तपासणीचा दाखला आहे का, हे यात्रा समितीला विचारायचा तुम्हाला अधिकार आहे. बसताना ओढणी-पदर खोचा, केस बांधा, मोबाईल खाली असलेल्या माणसाकडे द्या. सहा-सात वर्षांखालच्या मुलाला एकट्याला बसवू नका.

प्रश्न : मुलं चार आणि सहा वर्षांची. पाचगणी-महाबळेश्वरकडची छोटी पार्क पुरतील का?
— एक वाचक, कोरेगाव

पुरतील, आणि या वयाला तीच बरी. साताऱ्याहून पाचगणी वाईमार्गे पन्नास किलोमीटरच्या आत आहे, मुलं ताजीतवानी पोचतात. तिथं बऱ्याच ठिकाणी राइडगणिक पैसे असतात. चार-पाच राइडनंतर मुलं कंटाळतातच, त्यामुळे दिवसभराच्या पासपेक्षा सुटं तिकीट स्वस्त पडतं. गो-कार्ट चार वर्षांच्या मुलाला मांडीवर घेऊन चालवू नका, पट्टा एकाच माणसासाठी असतो. उरलेला वेळ टेबललँडवर किंवा गुरेघरच्या मॅप्रो गार्डनला. मे महिन्यात शनिवार-रविवारी पसरणी घाट दहानंतर तुंबतो, तेव्हा वाई सकाळी आठच्या आत ओलांडा आणि चारच्या सुमारास उतरायला लागा.