शंका-समाधान : माझा भाऊ निवडलेला नव्हता का?

प्रश्न : माझा धाकटा भाऊ गेल्या पावसाळ्यात वारला. लहानपणी आम्ही दोघं शब्बाथशाळेत जायचो, पण पुढे दारूपायी त्याचं चर्च सुटलं. बारा-तेरा वर्षं त्याने उपासनेला पाऊल ठेवलं नाही. शेवटच्या आठवड्यात मात्र त्याने आईचं गीतांचं जुनं पुस्तक मागून घेतलं आणि उशाखाली ठेवलं. घरी स्मरणाची प्रार्थना झाली, तेव्हा मंडळीतल्या एका वडीलजनांनी (मंडळीच्या कारभारी पुढाऱ्यांनी) बायबलमधला, प्रेषित पौलाच्या रोमकरांस पत्राचा नववा अध्याय वाचला आणि म्हणाले, "कुंभार एकाच मातीतून दोन तऱ्हेची भांडी करतो. सगळेच निवडलेले नसतात." तेव्हापासून मला ते पत्र उघडवत नाही. देवाने आधीच ठरवलं असेल तर माझ्या भावाचा दोष काय? आणि ठरवलं नसेल तर पौलाने असं का लिहिलं?
— एक बहीण, वडगाव शेरी

उत्तर : ताई, प्रभू येशूच्या नावात सलाम. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. त्या वडीलजनांनी त्या दिवशी, त्या घरात तो अध्याय तसा वापरायला नको होता, हे आधी सांगतो. मग कोण तरणार हे देव आधीच ठरवतो का, या वादाकडे वळू.

हा वाद माझ्या घरातलाच आहे. वडील जालन्याकडचे, स्कॉटिश प्रेस्बिटेरियन मिशनच्या मंडळीत वाढलेले. आई पुण्याची, मेथडिस्ट. वडिलांना वेस्टमिन्स्टरची लहान प्रश्नोत्तरी, म्हणजे प्रेस्बिटेरियनांची शिकवणीची पोथी, तोंडपाठ होती. विसाव्या प्रश्नाला ते आवाज चढवायचे : देवाने अनादिकाळापासून, केवळ आपल्या मर्जीने, काहींना सार्वकालिक जीवनासाठी निवडलं. आई पोळ्या लाटता लाटता विचारायची, "मग उद्या शब्बाथशाळेत पोरांना काय सांगू? तुमच्यातल्या काहींसाठीच येशू आला म्हणून?" वडील गप्प व्हायचे, पण मत सोडायचे नाहीत.

दोघांच्या मागे शतकं उभी होती. पाचव्या शतकात देवाच्या कृपेवर भर देणारा ऑगस्टीन आणि माणसाच्या इच्छेवर भर देणारा पेलाजियस, 1525 मध्ये माणसाची इच्छा स्वतंत्र म्हणणाऱ्या इरॅस्मसला उत्तर देणारा लूथर, मग वडिलांचा पंथ ज्याची शिकवण मानतो तो कॅल्विन. 1610 मध्ये, कॅल्विनची निवडीची शिकवण न पटलेल्या आर्मिनियसच्या अनुयायांनी हॉलंडमध्ये आपली पाच कलमं मांडली आणि 1618-19 च्या डॉर्टच्या चर्चसभेने ती फेटाळली. कॅल्विनच्या बाजूचं म्हणणं असं की माणूस पापात मेलेला आहे, मेलेला स्वतःहून उठत नाही, म्हणून तारण पहिल्यापासून शेवटपर्यंत देवाचं काम. आर्मिनियसच्या बाजूचं म्हणणं असं की कृपा आधी येते हे खरंच, पण ती झिडकारता येते. दोन्हीकडे वचनं आहेत. पित्याने ओढल्याशिवाय कोणी माझ्याकडे येऊ शकत नाही, हे येशूचं वाक्य (योहान 6:44) वाचलं तर वडील बरोबर वाटतात. येशू यरुशलेमेसाठी कळवळून म्हणतो की मी तुम्हाला पंखांखाली घ्यायला पाहत होतो, पण तुमची इच्छा नव्हती (मत्तय 23:37), तिथे आई बरोबर वाटते. माझा कल आईकडे आहे, हे लपवत नाही.

पण ताई, आपल्याकडे एक वेगळाच घोळ होतो. 'आगाऊ नेमलं' हे शब्द कानावर पडले की मराठी माणसाच्या मनात सटवाई उभी राहते. पाचवीच्या रात्री येऊन बाळाच्या कपाळी लिहून जाणारी. बाप्तिस्मा होऊन चार पिढ्या झाल्या तरी ही रेघ आपल्या मनातून पुसली जात नाही. पौलाचा ग्रीक शब्द आहे 'प्रोओरिझो', म्हणजे आधी हद्द आखणे, शेताची शीव आखतात तसं. नव्या करारात तो सहाच वेळा येतो. एकदाही तो 'अमका नरकासाठी नेमला' असं सांगायला आलेला नाही. रोम 8 मध्ये तर तो छळ सोसणाऱ्या विश्वासणाऱ्यांना धीर द्यायला आला आहे : तुम्हाला पुत्रासारखं करायचं हे देवाने आधीच ठरवलंय, आता तुम्हाला त्याच्यापासून कोण तोडणार?

आता कुंभार. बायबल शाळेत शिकवत असताना मी विद्यार्थ्यांना घेऊन मुंढव्याला, केशवनगरच्या कुंभारवाड्यात जायचो. एकदा एका म्हाताऱ्या कुंभाराचं मडकं चाकावर अर्ध्यात आलं आणि एका बाजूने बसलं. एक खडा राहिला होता. त्यांनी चाक थांबवलं, नखाने खडा काढला, सगळा गोळा खाली घेतला, पाण्याचा हात लावून पुन्हा मळला आणि परत चाकावर चढवला. एका मुलाने विचारलं, "ही माती टाकून का नाही देत?" ते म्हणाले, "माती कशी टाकीन? मीच आणलीय ना."

यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकात, अठराव्या अध्यायात, नेमकं हेच आहे. भांडं बिघडतं, आणि कुंभार त्याच मातीचं दुसरं करतो. लगेच पुढे देव म्हणतो की एखादं राष्ट्र वळलं तर मीही माझा बेत फिरवीन. पौल यहूदी शास्त्रात मुरलेला माणूस. तो कुंभार म्हणतो तेव्हा हे सगळं त्याच्या मनात असणारच. नवव्या अध्यायातले याकोब आणि एसाव, म्हणजे देवाने ज्यांच्यातला एकच निवडला ते जुळे भाऊ, हेही मलाखी संदेष्ट्याच्या पुस्तकातून आले आहेत, आणि मलाखी तिथे दोन राष्ट्रांबद्दल बोलतो.

त्याच अध्यायातलं फारोचं, म्हणजे इस्राएलांना सोडायला नकार देणाऱ्या मिसरच्या राजाचं, उदाहरण अवघड आहे. मिसरवर देवाच्या पीडा सुरू झाल्यावर आधी फारो स्वतः आपलं मन कठीण करतो. 'परमेश्वराने कठीण केलं' हे त्या ओघात पहिल्यांदा सहाव्या पीडेपाशी येतं (निर्गम 9:12). पण देवाने हे चौथ्या अध्यायातच मोशेला सांगून ठेवलं होतं, त्यामुळे माझे वडील एवढ्याने हार मानणार नाहीत.

मात्र तुमच्या वडीलजनांना माझ्या वडिलांनीही झापलं असतं. त्यांच्याच पंथाच्या, 1646 च्या वेस्टमिन्स्टरच्या विश्वासपत्रात, तिसऱ्या अध्यायाच्या आठव्या कलमात स्पष्ट बजावलंय की हे गहन रहस्य आहे, विशेष शहाणपणाने आणि जपून हाताळा. कॅल्विननेही या विषयात उगाच खोल शिरणाऱ्याला चक्रव्यूहात अडकशील असा इशारा दिलाय. मेलेल्या माणसाची वर्गवारी करण्याचा अधिकार यांच्यापैकी कुणीच कुणाला दिलेला नाही. आईच्या मेथडिस्ट पंथाचा संस्थापक जॉन वेस्ली याने 1739 मध्ये आगाऊ निवडीच्या शिकवणीविरुद्ध कडक उपदेश केला आणि ती शिकवण मानणारा जिवलग मित्र जॉर्ज व्हाइटफील्ड दुखावला. पण 1770 मध्ये व्हाइटफील्ड वारला, तेव्हा लंडनमध्ये त्याच्या स्मरणाचा उपदेश वेस्लीनेच केला.

दोष कोणाचा, असं तुम्ही विचारलंत. दारू भावाने निवडली, हे तुम्हालाही माहीत आहे. ते पुस्तक उशाखाली कोणी नेलं, भावाच्या इच्छेने की देवाच्या ओढीने? फिलिप्पै 2:12-13 मध्ये पौल या दोन गोष्टी एकाच दमात सांगतो आणि वेगळ्या करत नाही. मीही करणार नाही. भाऊ आता कुठे आहे हे मला सांगता येणार नाही, आणि त्या वडीलजनांनाही नाही.

एक करा. नववा अध्याय पहिल्या ओळीपासून उघडा. कुंभार एकविसाव्या वचनात येतो. त्याआधी, अगदी सुरुवातीला, पौल आपल्याच भाऊबंदांसाठी रडतोय. त्यांच्यासाठी मीच शापित झालो तरी चालेल म्हणतोय. आणि दहाव्या अध्यायाच्या पहिल्याच वाक्यात तो त्यांच्या तारणासाठी प्रार्थना करतो. तुमच्या घरी त्या दिवशी वाचन बहुधा कुंभारापासून सुरू झालं असेल.