मामांची जुनी सिनेलेन्स मिररलेसवर चालेल का?

प्रश्न: मामांकडची जुनी आरी स्टँडर्ड माउंटची (म्हणजे आरी कंपनीच्या जुन्या सिनेकॅमेऱ्यांवर बसणारी) ५० एमएम लेन्स मिळालीय, पण आत जाळ्यासारखी बुरशी दिसते आणि फोकसची रिंग जाम आहे. सोनीच्या मिररलेस कॅमेऱ्यावर लावता येईल का?
– एक वाचक, शाहूपुरी, सातारा

उत्तर: येईल की! आरी स्टँडर्डचं माउंटपासून फिल्मपर्यंतचं अंतर ५२ मिमी, सोनीच्या मिररलेसवरच्या ई-माउंटचं सेन्सरपर्यंतचं १८, मधले ३४ मिमी अ‍ॅडॉप्टर (मधे बसवायची रिंग) भरून काढतो, त्यामुळे इन्फिनिटी फोकसही, म्हणजे अगदी दूरच्या गोष्टींवरचा फोकसही, मिळतो. फक्त लेन्स ३५ एमएम फिल्मची आहे ना ते बघा, १६ची असेल तर फुलफ्रेमवर (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) कोपरे काळे येणार.

पण आधी बुरशी. साताऱ्याच्या पावसाळ्यात ती वाढतच जाते, म्हणून ही लेन्स आत्ताच बाकीच्यांपासून वेगळी ठेवा. टॉर्च मागून मारून बघा, काचांच्या मधे असेल तर घरी अजिबात खोलू नका, जाणकार मेकॅनिककडेच द्या, आणि बुरशीने काचेवरचं कोटिंग (चकाकी कमी करणारा पातळ थर) खाल्लं असेल तर डाग राहणारच, पॉलिश करून उरलेलं कोटिंग घालवू नका प्लीज. रिंग जाम आहे ती बहुतेक सुकलेल्या ग्रीसमुळे, तिथे तेलाचा स्प्रे मारलात तर ते आतल्या ब्लेडवर (प्रकाश कमी-जास्त करणाऱ्या पात्यांवर) उतरतं. सर्व्हिसिंग झालं की ०.८ मॉड्युलची (सिनेमाच्या उपकरणांना जुळणाऱ्या दात्यांची) फोकस गिअर रिंग चढवा आणि लेन्स ४०-५० टक्के आर्द्रतेच्या ड्राय कॅबिनेटमध्ये ठेवा.