‘म्युझिकल’ला मराठीत काय म्हणावं?

इंदूरच्या रामबागेतून आलेला प्रश्न थोडक्यात असा: ‘मला गाण्यांतून गोष्ट सांगणारी नाटकं आणि सिनेमे आवडतात. ही आवड मराठीत एका शब्दात कशी सांगू? संगीत नाटक म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे सौभद्रासारखं जुनं पौराणिक नाटक येतं. संगीतिका म्हटलं तर समोरचा गप्प होतो. आमच्याकडे निमंत्रणपत्रिकेत संगीतमय नाटक छापतात. बरोबर काय?’

सगळं सामावून घेणारा एक शब्द मराठीत रुळलेला नाही. शिवाय नुसतं ‘गाण्यांची आवड’ म्हटल्याने आवड नेमकी कशाची ते कळत नाही. गाणं चालू असताना गोष्ट पुढे सरकते, की गाण्यासाठी थांबते? हे पाहिलं की शब्द निवडणं सोपं होतं.

आधी ‘संगीत’ पाहू. ‘संगीत शाकुंतल’, ‘संगीत मानापमान’ यांत ‘संगीत’ हे विशेषण आहे, ‘सचित्र’ किंवा ‘सटीक’सारखं. त्याच्या विरुद्ध शब्द ‘गद्य’. नाटकवाल्यांच्या बोलीत गद्य नाटक म्हणजे पदं, म्हणजे नाटकातली गाणी, नसलेलं नाटक. ‘पद्य नाटक’ मात्र संगीत नाटक नव्हे, ते वृत्तबद्ध संवादांचं नाटक. विशेषण असल्यामुळे बोलताना ते सहज गळतं: ‘शनिवारी शारदा लागलंय.’ जाहिरातीत त्याचं ‘सं.’ होतं; पुस्तकाच्या मुखपृष्ठावर तोच ‘सं.’ संपादकाचा असतो, एवढं भान ठेवावं. १९५३ साली सुरू झालेल्या संगीत नाटक अकादमीच्या नावात मात्र संगीत आणि नाटक ही दोन वेगळी नामं आहेत. ती काही संगीत नाटकांची अकादमी नाही.

आता गाणं आणि गोष्ट. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी शाकुंतल रंगभूमीवर आणलं तेव्हा पदांच्या बऱ्याचशा चाली कीर्तनातून लोकांच्या कानांवर असलेल्या होत्या: साकी, दिंडी, कामदा, अंजनीगीत अशा ठरावीक मात्रांच्या पद्यरचनांच्या. दिंडीच्या चरणात १९ मात्रा (९ + १०), साकीच्या २८ (१६ + १२). एवढ्या आखूड आकृतीत आलाप-तानांना जागाच नसते. पात्र दोन-चार ओळींत सांगायचं ते सांगतं आणि संवाद पुढे जातो. गोविंद बल्लाळ देवलांच्या शारदेतली पदं अशाच सुटसुटीत घाटाची. (किर्लोस्कर नाटक मंडळीने या नाटकाचा पहिला प्रयोग १८९९ साली इंदुरातच केला, म्हणून प्रश्न विचारणाऱ्यांना उदाहरण घरचंच.) तिथे मैत्रिणींनी म्हाताऱ्या नवऱ्याची उडवलेली टर हे गाणंही आहे आणि कथानकाचा टप्पाही.

पुढे वळण आलं. मानापमानला (१९११) गोविंदराव टेंब्यांनी चाली दिल्या. स्वयंवरला (१९१६) चाली दिल्या त्या बडोद्यात फैज महंमद खाँकडे शिकलेल्या भास्करबुवा बखल्यांनी. ख्याल-ठुमरीच्या अंगाच्या या चालींमुळे पदाला विस्ताराची मोकळीक मिळाली आणि वन्समोर पडू लागले. स्वयंवरातल्या रुक्मिणीला काय वाटतं ते पहिल्या दोन ओळींत कळतं, त्यानंतरची दहा मिनिटं रागाची असतात. गोष्ट थांबते आणि ती थांबावी म्हणूनच प्रेक्षक आलेला असतो. छापील पुस्तकातही हा फरक दिसतो. जुन्या प्रतींत पदावर ‘चाल –’ लिहून त्यापुढे एखाद्या प्रचलित गाण्याचे शब्द असतात, नंतरच्या प्रतींत राग आणि ताल ठळक होतात.

इथूनच दोन आवडी वेगळ्या होतात. ‘मला संगीत नाटकं आवडतात’ म्हणणाऱ्या बऱ्याच जणांना खरं तर नाट्यसंगीत आवडत असतं. त्यांनी नाटक पाहिलेलं असेलच असं नाही, मैफलीच्या उत्तरार्धात पद ऐकलेलं असतं. त्यांनी सरळ ‘नाट्यसंगीत’ म्हणावं; तो शब्द गायनप्रकाराचा आहे, नाट्यप्रकाराचा नाही. ही सरमिसळ प्रयोगालाही बाधते. रात्रभराचं नाटक तीन तासांत बसवताना कात्री बहुधा साक्या-दिंड्यांवर चालते आणि लोकप्रिय पदं राहतात. पण कोण कुठून आला, का रागावला, ही माहिती बरेचदा त्या साक्या-दिंड्यांतच असते. ती गेली की पुढच्या प्रवेशातलं भांडण हवेतून आल्यासारखं वाटतं आणि दोष बिचाऱ्या लेखकाला मिळतो.

‘संगीतिका’ हा ऑपेराला दिलेला प्रतिशब्द. त्यात संवादही गायले जातात, निदान गाण्याचा ओघ तुटत नाही. मराठीत तो रुजला मुख्यतः आकाशवाणीमुळे. मंगेश पाडगावकरांनी लिहिलेली आणि पु. ल. देशपांड्यांनी संगीत दिलेली ‘बिल्हण’ त्यातली नावाजलेली. शेवटच्या ‘-इका’मुळे काही जण छोटं संगीत नाटक या अर्थाने हा शब्द वापरतात, एकांकिका किंवा नाटिकेच्या धर्तीवर. ते टाळलेलं बरं. गीतरामायणालाही कोणी संगीतिका म्हणतं, पण तिथे पात्रं एकमेकांशी गात बोलत नाहीत. १९५५च्या रामनवमीपासून आठवड्याला एक या क्रमाने आलेली ती ५६ सुटी गीतं आहेत. त्यांना गीतमाला म्हणावं, फार तर गेय आख्यान. तमाशातल्या कथाभागाला ‘वग’ हा स्वतःचा शब्द आहे. त्याला संगीतिका म्हणणं म्हणजे उगाच सोवळं नेसवणं.

म्युझिकल म्हणजे साधारणपणे बोलणं, गाणं आणि नाच यांची एकत्र वीण. संगीत नाटकात नाच अनिवार्य नाही आणि नट स्वतः गाणारा असलाच पाहिजे. मराठी सिनेमात मात्र उसना आवाज चालतो. म्हणून परदेशी कृतीला ‘म्युझिकल’च म्हणावं असं माझं मत. ‘सगळं गायलेलं तो ऑपेरा, मध्ये बोलणं आलं की म्युझिकल’ हा सोपा नियमही पुरत नाही: १९८५ साली लंडनला आलेलं ‘ले मिझराब्ल’ जवळजवळ सगळं गायलेलं आहे, तरी ते म्युझिकलच. मराठीत शब्दाचं लिंग नाटकाच्या ओढीने नपुंसक होतं, ‘ते म्युझिकल’. सिनेमाबद्दल बोलताना ‘म्युझिकल चित्रपट’ म्हटलं की प्रश्न मिटतो. ‘कट्यार काळजात घुसली’ला हे नाव नीट बसत नाही. त्यातली माणसं गवईच आहेत, आपण गातोय हे त्यांना ठाऊक असतं. सौभद्रातल्या सुभद्रेला ते ठाऊक नसतं. कट्यार संगीत नाटकही आहे आणि संगीताविषयीचं नाटकही. प्राजक्त देशमुखांच्या ‘संगीत देवबाभळी’ने तर ‘संगीत’ हे विशेषण सौभद्राच्या साच्याबाहेर नेऊन दाखवलं आहे. तेव्हा संगीत नाटक म्हटल्यावर कोणी शालू-नथच डोळ्यांसमोर आणत असेल, तर त्याला देवबाभळीचं नाव सांगावं.

राहिलं ‘संगीतमय’. हा शब्द तुमच्या शहरात संगीतमय सुंदरकांडाच्या फलकांवरून आलेला दिसतो. व्याकरणात चूक नाही, पण मराठीत त्याचा अर्थ ‘संगीताने भरलेलं’ एवढाच: संध्याकाळ संगीतमय होऊ शकते. नाट्यप्रकार सांगताना ‘संगीत नाटक’च छापा. त्याच पत्रिकेत आणखी काही हिंदी पाहुणे असतात. ‘नाटकाचे मंचन’ नको, ‘प्रयोग’ हवा. ‘निर्देशक’ नको, ‘दिग्दर्शक’. आणि ‘दृश्य दुसरे’ऐवजी ‘प्रवेश दुसरा’. पण खालच्या ओळीत ‘प्रवेश निःशुल्क’ असेल तर ते आधी ‘विनामूल्य प्रवेश’ करून घ्या, म्हणजे एकाच कागदावरचे दोन ‘प्रवेश’ एकमेकांत अडकणार नाहीत.