घोरतोय म्हणजे गाढ झोपलाय?

प्रश्न : डॉक्टर, माझे मिस्टर पन्नाशीचे आहेत, वजन जरा जास्तच आहे. घोरणं तर लग्नापासूनचं, त्याची मला सवय झालीये, पण हल्ली मधेच आवाज बंद होतो, छाती हलत असते पण श्वास ऐकू येत नाही, मी घाबरून बघत बसते, मग एकदम गुदमरल्यासारखा मोठा श्वास घेतात आणि परत घोरायला सुरुवात. सकाळी विचारलं तर म्हणतात मस्त झोप लागली होती. दिवसा बसल्या जागी डुलक्या, परवा सिग्नलला गाडीतच डोळा लागला. बीपीच्या तीन गोळ्या चालू आहेत तरी बीपी खाली येत नाही, रात्री तीन-चार वेळा लघवीला उठतात. त्यांचं म्हणणं की मीच उगाच काळजी करते. काय करू?

उत्तर : ताई, काळजी उगाच नाहीये. आणि त्यांची 'मस्त झोप लागली' ही साक्ष मी तरी धरणार नाही, कारण झोपलेल्या माणसाला स्वतःचा श्वास थांबलेला कळतच नाही. झोपेत असा श्वास थांबण्याच्या आजाराला स्लीप ॲप्निया म्हणतात, आणि यात बघणारा दुसराच असतो, म्हणून तुम्ही जे पाहिलंय त्याला डॉक्टरच्या लेखी फार किंमत आहे.

होतं काय, की झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ आणि टाळूचा मागचा मऊ भाग मागे येतो आणि श्वासाची वाट बंद होते. छाती-पोट हवा ओढायचा प्रयत्न करतच असतं म्हणून तुम्हाला छाती हललेली दिसते, पण आत हवा जात नाही. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, कार्बन डायऑक्साइड चढतो, मग मेंदू काही सेकंदांपुरता दचकून जागा होतो, घसा उघडतो, तो मोठा श्वास येतो आणि माणूस परत झोपतो. हे रात्रभर चालतं आणि सकाळी त्यातलं काही म्हणजे काही आठवत नाही. म्हणून आठ तास पडूनही दिवसा पेंग.

बीपीचं कोडंही इथेच आहे. एरवी झोपेत बीपी उतरतं, यांचं उतरत नाही कारण प्रत्येक दचकण्याला शरीर ॲड्रेनलिन सोडतं. तीन-तीन गोळ्यांना दाद न देणाऱ्या बीपीमागे बऱ्याचदा स्लीप ॲप्निया निघतो. हृदयाचे ठोके अनियमित होणं, पॅरालिसिसचा झटका, डायबेटीस, या सगळ्यांशी त्याचा संबंध दिसलाय. आणि लघवीचं म्हणाल तर गंमतच आहे, पुरुष थेट प्रोस्टेट तपासायला धावतात (तेही तपासावंच), पण बंद घशाविरुद्ध हवा ओढताना छातीतला दाब बदलतो, हृदयाचे वरचे कप्पे ताणले जातात, हृदयाला वाटतं शरीरात पाणी जास्त झालंय आणि ते लघवी वाढवणारं हार्मोन सोडतं. ॲप्नियावर इलाज झाला की कित्येकांचं रात्रीचं उठणं कमी होतं.

आता करायचं काय, तर ते झोपले की मोबाइलवर दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ काढा, छाती दिसेल आणि आवाज येईल असा. भांडून जे होत नाही ते व्हिडिओने होतं. मग झोपेच्या आजारांचे, छातीचे नाहीतर कान-नाक-घशाचे डॉक्टर गाठा आणि स्लीप स्टडी, म्हणजे झोपेतला श्वास मोजणारी तपासणी, करा, ती कित्येकदा घरीच मशीन लावूनही होते. रिपोर्टमध्ये एएचआय नावाचा आकडा बघायचा, तासाला किती वेळा श्वास थांबला किंवा फार मंदावला तो. मोठ्या माणसांत 5 च्या खाली नॉर्मल, 15 पर्यंत सौम्य, 30 पर्यंत मध्यम, त्यावर तीव्र. थांबणं म्हणजे किमान 10 सेकंद धरतात, म्हणजे 30 चा आकडा असेल तर दर दोन मिनिटांना एकदा, विचार करा.

आणि गाडी? इलाज सुरू होऊन पेंग जाईपर्यंत चावी तुमच्याकडे ठेवा. यात मी कुणाचं ऐकून घेत नाही.

प्रश्न : मला तीव्र ॲप्निया निघाला, सीपॅप (मास्कमधून दाबाने हवा देऊन घसा उघडा ठेवणारं मशीन) घेतलं, पण नाक कोरडं पडतं आणि झोपेत मी मास्क कधी काढून टाकतो कळत नाही. त्यात वाचलं की संशोधनात मशीनने हार्ट अटॅक टळत नाही असं निघालंय. मग वजन कमी केलं की मशीन बंद केलं तर चालेल ना? नवीन इंजेक्शनही आलंय म्हणे.

उत्तर : तुम्ही वाचलंत ते खोटं नाही, पण अर्धं आहे. 2016 साली एक मोठा अभ्यास आला, त्यात आधीच हृदयाचा किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेल्यांना सीपॅप दिलं आणि पुढचे झटके कमी झाले नाहीत हे खरं. पण त्या लोकांनी मशीन रात्री सरासरी साडेतीन ताससुद्धा लावलं नव्हतं आणि फार पेंगणाऱ्यांना अभ्यासात घेतलंच नव्हतं. दिवसाची पेंग मात्र त्यांचीही कमी झाली. त्यामुळे हृदयासाठी मशीन हमखास उपाय आहे असं मी सांगणार नाही, पण तीव्र ॲप्नियात ते बंद करा असंही नाही.

1981 मध्ये ऑस्ट्रेलियात कॉलिन सलिव्हन यांनी सीपॅप आणलं त्याआधी तीव्र आजारावर खात्रीचा उपाय म्हणजे गळ्याला भोक पाडणं हाच होता. त्या मानाने मास्क बरा की नाही सांगा!

नाक कोरडं पडतंय तर मशीनची हवा ओलसर करणारा ह्युमिडिफायर चालू आहे का बघा, तोंड उघडं राहून हवा निसटत असेल तर नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क लागेल, साइज चुकीचा असेल तर बदलून घ्या. संध्याकाळी जागेपणी टीव्ही बघताना थोडा वेळ लावून बसा, सवय होते. अजिबातच जमलं नाही तर खालचा जबडा पुढे धरणारं दातांचं उपकरण असतं, पण ते सौम्य-मध्यमला जास्त बरं.

वजन जरूर कमी करा, एका जुन्या मोठ्या पाहणीत 10 टक्के वजन उतरलं तर एएचआय साधारण पाव हिश्श्याने उतरलेला दिसला. म्हणजे तुमचा 60 असेल तर 45, अजूनही तीव्रच! इंजेक्शन म्हणजे वजन उतरवणारं टिर्झेपेटाइड, अमेरिकेत डिसेंबर 2024 ला लठ्ठपणा असलेल्यांच्या मध्यम-तीव्र ॲप्नियासाठी मंजूर झालं, पण ते डॉक्टर ठरवतील. वजन उतरलं की परत स्लीप स्टडी, मग मशीनचा निर्णय. रात्रीची दारू बंद, तिने घसा अजून सैल पडतो. आणि कधी ऑपरेशन ठरलं तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना हा आजार आधीच सांगा.

प्रश्न : मी बारीक आहे, पाळी जाऊन काही वर्षं झाली. झोप सारखी मोडते, सकाळी डोकं दुखतं, दिवसभर थकवा. टेन्शन म्हणून झोपेची गोळी मिळाली. मला ॲप्निया असू शकतो?

उत्तर : असू शकतो. बायकांमध्ये पाळी गेल्यावर प्रमाण वाढतं, आणि त्यांची तक्रार घोरण्यापेक्षा झोपमोड, थकवा, डोकेदुखी अशी येते, म्हणून टेन्शनवर ढकललं जातं. जबडा लहान किंवा मागे असेल तर बारीक माणसालाही होतो. काही झोपेच्या गोळ्यांनी श्वास अजून मंदावतो, तेव्हा गोळी मनाने एकदम बंद न करता डॉक्टरांना स्पष्ट विचारा की मला स्लीप स्टडी का नको.

प्रश्न : सहा वर्षांचा मुलगा रोज घोरतो, तोंड उघडं ठेवून झोपतो, शाळेत एका जागी बसत नाही. मोठा झाला की जाईल ना?

उत्तर : वाट बघू नका. मुलं पेंगण्याऐवजी उलट चळवळी होतात, आणि बहुतेक वेळा कारण वाढलेले टॉन्सिल्स-ॲडेनॉइड्स (घशातल्या आणि नाकामागच्या गाठी) असतं. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा, व्हिडिओ याही वेळी सोबत न्या.