नाण्यांची विचारपूस: बैल, सिंह आणि मधली बाई

प्रश्न: मी मूळची साताऱ्याची, सध्या म्युनिकला असते. इथल्या जुन्या बाजारात एक काळपट ब्रॉन्झचं नाणं घेतलं. एका बाजूला पानांचा मुकुट घातलेला पोरगेला चेहरा, दुसरीकडे बाई उभी आणि तिच्या आजूबाजूला बैल नि सिंह. कडेनं पी एम एस, सी ओ एल, व्ही आय एम अशी अक्षरं, खाली ए एन आणि तीन उभ्या रेघा. रोमन आहे का? हिरवं पडलंय, चिंचेनं घासू का?

उत्तर: ताई, चिंच आधी खाली ठेवा! रोमनच आहे, पण रोमच्या टांकसाळीतलं नाही, प्रांतातलं. अक्षरांचा अर्थ मोएसिया सुपीरिअर प्रांत, कोलोनिया (रोमन वसाहत) विमिनाशियम, हे गाव आजच्या सर्बियात कोस्तोलाचजवळ. बाई म्हणजे तो प्रांत, बैल सातव्या क्लॉडिया लीजनचा (लीजन म्हणजे रोमन सैन्याची मोठी तुकडी) आणि सिंह चौथ्या फ्लाविया लीजनचा, या चौथ्या लीजनची छावणी आजच्या बेलग्रेडला होती. रोमन प्रांतांतल्या बहुतेक नाण्यांवरची अक्षरं ग्रीकमध्ये असतात पण ही वसाहत, म्हणून लॅटिन.

खरी मजा त्या तीन रेघांत आहे, ए एन म्हणजे वर्ष आणि तीन रेघा म्हणजे तिसरं. गावाला वसाहतीचा दर्जा मिळाला इ.स. 239 मध्ये आणि तिथूनच त्यांनी वर्षं मोजायला घेतली, त्यामुळे तिसरं वर्ष म्हणजे साधारण 241-42, म्हणजे चेहरा सम्राट तिसऱ्या गॉर्डियनचा, जो 238 मध्ये तेराव्या वर्षी गादीवर बसला (पोरगेला दिसतो ते उगीच नाही). हेच चित्र पुढे फिलिप आणि डेसियस या नंतरच्या सम्राटांच्या नाण्यांवरही चालू राहिलं, म्हणून चेहरा झिजला असेल तर वर्षाचा आकडाच कामाला येतो, पाचव्या वर्षात मात्र गॉर्डियन आणि फिलिप दोघंही सापडतात, तिथे नाव वाचावंच लागतं.

आता हिरवं. टूथपिकनं हलकं टोकरून बघा, कडक आणि गुळगुळीत असेल तर ते नाण्याचं कवच आहे, अजिबात हात लावू नका. फिकट हिरवी पूड निघाली तर मात्र तो ब्रॉन्झचा रोग, क्लोराइडमुळे होतो. नाणं डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवा, पाणी रोज बदला, नीट वाळवा आणि बाकीच्या नाण्यांपासून लांब कोरड्या जागी ठेवा. मी पहिलंच नाणं चिंचेनं घासून लालभडक केलं होतं, अजून ड्रॉवरमध्ये पडलंय.

कडेला जोडाची रेघ किंवा बुडबुड्यांचे खड्डे दिसले तर ओतीव नक्कल असू शकते. आणि साताऱ्याला आणायचा विचार असेल तर एक बघा, 1972 च्या कायद्यानं शंभर वर्षांपुढचं नाणं पुरावस्तू धरलं जातं, एकदा भारतात आलं की परत बाहेर नेता येणं अवघड.