विचारा बिनधास्त: टीव्ही बॉक्सवर लिनक्स का चढत नाही?

प्रश्न: सांगली मार्केट यार्डात आमचं हळदीचं अडत दुकान आहे. जुन्या लॅपटॉपवर पेनड्राइव्हनं लिनक्स (विंडोजसारखी ऑपरेटिंग सिस्टम) टाकलं, अर्ध्या तासात मस्त चालू झालं. मग वाटलं घरी पडून असलेल्या अँड्रॉइड टीव्ही बॉक्सवर पण टाकू आणि दुकानातल्या टीव्हीवर सौद्याचे भाव लावू. बॉक्समधल्या आर्म जातीच्या प्रोसेसरसाठीचंच डाउनलोड केलं होतं तरी स्क्रीन काळी ती काळीच. प्रोसेसर तोच, मग अडतंय कुठं?
– एक अडत्या, सांगली

उत्तर: शेठ, प्रोसेसर हा यातला सोपा भाग. लॅपटॉपवर बायोस किंवा यूईएफआय (मशीन चालू होताच आधी चालणारं सॉफ्टवेअर) असतं, ते लिनक्सला एक तयार यादीच हातात देतं की मशीनमध्ये काय काय आहे, आणि पीसीआय-यूएसबी या जोडण्यांवरच्या वस्तूंना विचारलं की त्या स्वतःच आपला आयडी सांगतात, म्हणून एकच पेनड्राइव्ह पन्नास कंपन्यांच्या लॅपटॉपवर चालतो. तुमच्या बॉक्समध्ये तसं काही नाही. एचडीएमआय, मेमरी कार्ड, सिरियल पोर्ट (तारेवरून एकेक अक्षर पाठवायची जोडणी) सगळं चिपच्या आतच ठरलेल्या पत्त्यांवर बसलेलं असतं आणि विचारलं तरी कुणी उत्तर देत नाही. मग कोणता भाग कुठल्या पत्त्यावर, त्याला क्लॉक (चालण्याचा ठोका) कुठून येतो, इंटरप्ट (प्रोसेसरला हाक मारायचा सिग्नल) कितवा, हे एका फाइलमध्ये लिहून द्यावं लागतं, तिला डिव्हाइस ट्री म्हणतात. आधी हे सगळं प्रत्येक बोर्डासाठी कर्नलमध्येच (लिनक्सच्या गाभ्यातच) कोड लिहून भरायचे, इतका पसारा झाला की २०११ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स आर्मसाठी कोड लिहिणाऱ्यांवर जाम वैतागले, आणि मग आर्मवाले डिव्हाइस ट्रीकडे वळले.

आणि कर्नल तर नंतर येतो हो. त्याच्या आधी बूटलोडरनं (कर्नल चढवणाऱ्या छोट्या प्रोग्रामनं) रॅम चालू करायची असते, तिचं टायमिंग बोर्डाप्रमाणे बदलतं आणि तो कोड बऱ्याचदा चिप कंपनी आतलं न दाखवता तयार स्वरूपातच देते. वरून तेच नाव, तोच डबा, पण आत वायफायची चिप वेगळी, असले बॉक्स बाजारात चिक्कार.

काळ्या स्क्रीनवरून काहीच कळत नाही कारण डिस्प्ले सगळ्यात शेवटी उठणाऱ्यांपैकी. खरं काय चाललंय ते सिरियल पोर्टवर दिसतं, बोर्ड उघडलं तर टीएक्स (पाठवणारा), आरएक्स (घेणारा), ग्राउंड असे तीन पॉइंट बहुतेक वेळा सापडतात, तिथं ३.३ व्होल्टचा यूएसबी-सिरियल अडॅप्टर लावायचा (५ व्होल्टचा लावाल तर चिप जाईल). स्पीड साधारण ११५२०० बॉड असतो, रॉकचिप कंपनीच्या चिपवर बहुधा १५०००००, तो चुकला की नुसता कचरा दिसतो.

लिनक्सची इमेज (डाउनलोड करायची तयार फाइल) शोधताना डब्यावरचं नाव सोडा, आतल्या चिपचा नंबर बघा. पण माझं ऐकाल तर भावच दाखवायचेत ना, मग अँड्रॉइडच राहू द्या, ब्राउझर फुल स्क्रीन करा आणि विषय संपवा.

प्रश्न: इंजिनिअरिंगला तिसऱ्या वर्षाला आहे. एक्स८६ (इंटेल-एएमडीचे प्रोसेसर) साठी छोटा कर्नल लिहिलाय, क्यूईएमयूवर (कॉम्प्युटरची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरवर) चालतो. प्रोजेक्टसाठी रिस्क-फाइव्ह या दुसऱ्या जातीच्या प्रोसेसरवर न्यायचाय. सगळा सी भाषेतच आहे तर नुसतं रिकम्पाइल करून होईल का?
– एक विद्यार्थी, सातारा

उत्तर: नाही होणार भावा. १९७३ मध्ये युनिक्स (जुनी ऑपरेटिंग सिस्टम) सी मध्ये लिहून काढलं म्हणून ते पुढं दुसऱ्या मशीनवर नेता आलं हे खरं, पण नेताना त्रास झालाच. पीडीपी-११ या जुन्या मशीनवरून उलट्या बाइट ऑर्डरच्या (आकड्याचे बाइट मेमरीत ठेवायच्या क्रमाच्या) मशीनवर गेल्यावर ‘युनिक्स’ची अक्षरं उलटसुलट होऊन ‘नक्सी’ (UNIX चं NUXI) छापून आल्याचा किस्सा प्रसिद्ध आहे. तुझे दोन्ही प्रोसेसर लिटल एंडियन, म्हणजे बाइटचा क्रम एकच, त्यामुळं तेवढ्यातून तू सुटलास.

पण व्हीजीएच्या (पीसीच्या जुन्या डिस्प्ले पद्धतीच्या) मेमरीत अक्षर लिहिलं की स्क्रीनवर दिसतं ही सोय तिकडं नाही. इन-आउट इन्स्ट्रक्शन (डिव्हाइसशी बोलायच्या वेगळ्या आज्ञा) पण नाहीत, डिव्हाइसशी सगळं बोलणं मेमरीच्या पत्त्यांवरूनच. पेज टेबल (मेमरीच्या पत्त्यांचा नकाशा), ट्रॅप (चूक किंवा इंटरप्ट आल्यावर कर्नलमध्ये उडी), कॉन्टेक्स्ट स्विच (एका कामावरून दुसऱ्यावर जाणं) नव्यानं लिही. आधी क्यूईएमयूच्या ‘व्हर्ट’ मशीनवर यूएआरटीमधून (सिरियल पोर्टमधून) एक अक्षर बाहेर काढ, मग ट्रॅप, मग टायमर, पेजिंग त्यानंतर.

खरा छळ मेमरी ऑर्डरिंगचा, म्हणजे मेमरीतलं लिहिणं-वाचणं दुसऱ्या कोअरला कुठल्या क्रमानं दिसतं त्याचा. एक्स८६ त्यात बरंच कडक आहे, रिस्क-फाइव्ह ढिला, त्यामुळं दोन कोअर आले की फेन्स (हा क्रम पाळायला लावणारी आज्ञा) विसरलेला कोड चालतो चालतो आणि मधेच कधीतरी फसतो. तुझ्या एक्स८६ लॅपटॉपवरच्या क्यूईएमयूत असले बग सहसा दिसणारच नाहीत, म्हणून शेवटी खरा बोर्ड लागेलच. तो घेण्याआधी चिपचं पूर्ण मॅन्युअल डाउनलोड होतंय का ते बघ, नुसतं दोन पानांचं ब्रोशर मिळालं तर कितीही स्वस्त असला तरी घेऊ नकोस.